साडेसहा वर्षांचा ससा दत्तक घेतलाय, गवताला तोंड लावत नाही. आहार कसा बदलावा?

रानजाई

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्याकडे नुकताच रावजी आलाय. करडा-पांढरा नर, वय साडेसहा वर्षं. ठाण्याच्या एका कुटुंबाची परदेशी बदली झाली, त्यांना तो नेता येईना म्हणून आम्ही घेतला. त्यांचा त्याच्यावर खूप जीव होता, निघताना त्यांनी त्याच्या खाण्यापिण्याचा सगळा दिनक्रम कागदावर लिहून दिला. तो वाचून मात्र मी काळजीत पडले.

सकाळी अर्धी पोळी आणि मूठभर भिजवलेले हरभरे. दुपारी एक अख्खं गाजर. संध्याकाळी वाटीभर रंगीत मिक्स, म्हणजे दुकानात मिळतं ते मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, सुकवलेली फळं आणि रंगीत तुकडे असलेलं. झोपताना एक मारी बिस्कीट. गवत या यादीत कुठेच नाही.

वजन २.९ किलो आहे. डॉक्टरांनी नखं कापली, पाठीवरून हात फिरवून पाहिलं आणि २.३ च्या आसपास आणा म्हणाले. मी टिमोथी गवत मागवलं. तो हुंगतो आणि त्याच्यावर जाऊन बसतो! खायचं नाव नाही. पोळीचा वास आला की मात्र धावत येतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पोळी-हरभरे एकदम बंद करू का? टिमोथी आयातीचं असल्यामुळे महाग पडतं, आपल्याकडचं कुठलं गवत चालेल? आणि ज्यानं जन्मात पालेभाजी खाल्ली नाही त्याला ती कधीपासून द्यावी?

दुपारचा_चहा

आमच्या आजोळी सशांचं खुराडं होतं. ते पोळी, भाकरी, भाजीची देठं, सगळं खायचे. मला वाटतं लाड थोडे कमी करावेत. एक दिवस फक्त गवत आणि पाणी ठेवा. भूक लागली की आपोआप खाईल, जनावर उपाशी थोडंच राहतंय.

परळकर_पशुवैद्यक

दुपारचा_चहा, तुम्ही मनापासून सांगताय हे कळतंय, पण ससा उपाशी ठेवणं हा सरळ त्याच्या जिवाशी खेळ आहे. रानजाई, कृपया असं करू नका. मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सशाचं पोट सतत चालू राहायला हवं. लहान आतडं संपतं तिथे सीकम नावाची मोठी पिशवी असते. त्यातले जिवाणू चोथ्याचं विघटन करून त्याला पोषण देतात. पोटात चोथा येणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. हे चक्र फार झपाट्यानं पुढे जातं. सशानं १०-१२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर ती तातडीची वेळ समजायची, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. ससा उलटी करू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधीसुद्धा त्याला कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवत नाहीत.

आणि रावजीसारख्या जाड सशाला धोका जास्त. खाणं तुटलं की शरीर साठवलेली चरबी मोकळी करतं, ती यकृतात जाऊन बसते आणि यकृत निकामी होऊ शकतं.

आता मुख्य मुद्दा. तो गवत खात नाही याला हट्ट म्हणण्याआधी त्याच्या दाढा तपासून घ्या. सशाचे सगळे २८ दात आयुष्यभर वाढतात. ते झिजतात ते गवत आडवं-तिडवं रगडून चावल्यामुळे. पोळी, बिस्कीट, भिजवलेले हरभरे यांना तसं रगडावंच लागत नाही. साडेसहा वर्षं गवत न मिळालेल्या सशाच्या दाढांना टोकं आली असण्याची शक्यता खूप आहे. खालच्या दाढांची टोकं जिभेत रुततात, वरच्यांची गालात. अशा सशाला गवत हवं असलं तरी चावता येत नाही.

समोरचे दात चांगले दिसले म्हणून दाढा चांगल्या असतीलच असं नाही. त्या पाहायला कानात बघायचा दिवा तोंडात घालावा लागतो, कधी गुंगी देऊन नीट तपासणी आणि एक्स-रे करावा लागतो. घरी एवढं बघा: हनुवटी ओली राहते का, घास तोंडात घेऊन टाकून देतो का, एका डोळ्यातून पाणी येतं का, खायला उत्सुकतेनं येऊन मग मागे सरतो का.

डॉक्टर निवडताना ते ससे नियमित बघतात का हे विचारून घ्या. एक उदाहरण देतो. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन कुत्र्याला सर्रास देतात, पण सशाच्या सीकममधले उपयोगी जिवाणू त्यानं मरतात आणि ससा दगावू शकतो.

रानजाई

हनुवटीखाली थोडं ओलसर असतं! मला वाटलं पाणी पिताना भिजत असेल. उद्याच वेळ घेते. तोवर काय देऊ?

परळकर_पशुवैद्यक

तोवर जे खातोय तेच द्या. फक्त बिस्कीट थांबवा, त्यानं काही बिघडणार नाही. गवत समोर असू द्या.

लीड्सची_मावशी

रानजाई, तुमचं मनापासून कौतुक. मोठ्या वयाचा ससा सहसा कुणी घेत नाही. नीट सांभाळलेला ससा ८-१० वर्षं, काही त्याहूनही जास्त जगतात. रावजीकडे अजून चांगली वर्षं आहेत.

मी इंग्लंडमध्ये सशांच्या निवारा केंद्रात मदत करते. असे 'पोळी-बिस्कीटवाले' ससे इथेही येतात, फक्त पोळीच्या जागी टोस्ट असतो. आम्ही पाळतो तो नियम असा, की आधी नवीन वाढवायचं आणि ते पोटात जायला लागलं की मगच जुनं कमी करायचं. पोळी तोडून तो गवताकडे वळेल या आशेवर राहायचं नाही.

जेवणाचा मोठा भाग, साधारण ८०-८५ टक्के, सुकं गवत हवं आणि ते दिवसरात्र समोर हवं. त्यापाठोपाठ पालेभाज्या. गोळीखाद्य, म्हणजे एकसारख्या तपकिरी गोळ्या, दिवसाला एक किलो वजनामागे जास्तीत जास्त २५ ग्रॅम. वजन आजचं धरायचं नाही, व्हायला हवं ते धरायचं. रावजीच्या २.३ किलोला पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरतील. पण हे पोहोचायचं ठिकाण झालं, उद्या सकाळचं ताट नव्हे.

सगळ्यात आधी हलवायचं ते रंगीत मिक्स. एडिंबरा विद्यापीठात सशांना १७ महिने वेगवेगळा आहार देऊन अभ्यास झाला होता. मिक्स खाणारे ससे त्यातलं गोड-पिठूळ तेवढं वेचून खात होते, गवत कमी खात होते, आणि त्यांच्यात दातांचे दोष व वाढलेलं वजन दिसलं. पण हेही एका दिवसात बदलू नका. चार भागांतला एक भाग गोळ्या, तीन भाग जुनं मिक्स. आठवडाभर लेंड्या नीट राहिल्या तर अर्धं-अर्धं. असं तीन-चार आठवड्यांत पूर्ण गोळ्यांवर. पोळी आणि हरभरे त्यानंतर, रोज एखादा तुकडा कमी करत.

आता गवत खायला कसं लावायचं. ससे गवत खाता खाताच लेंड्या टाकतात, म्हणून त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या एका कडेला गवताचा मोठा ढीग ठेवा, तोंड सहज पोहोचेल असा. इथेच निम्मं काम होतं. गोळ्या वाटीत न देता गवतात विखरून द्या, वेचताना चार काड्या तोंडात जातातच. गवतात कोथिंबिरीच्या, पुदिन्याच्या सुकवलेल्या काड्या मिसळा. रोज सकाळ-संध्याकाळ ताजं गवत वर घाला, जुनं पडून राहिलं की त्याचा वास जातो आणि ससे वासावर खातात. आणि एकाच प्रकारावर अडून बसू नका. टिमोथी नको असेल तर ओटचं गवत द्या, ते गोडसर असतं आणि बऱ्याच सशांना आधी तेच आवडतं.

गाजर बंद करायला त्याला दुःख होईल असं वाटत असेल तर गाजराचा पाला द्या. गाजर म्हणजे साखर, ते आठवड्यातून दोनदा अंगठ्याच्या पेराएवढं पुरे.

कोयनाकाठ

मी शेतकरी माणूस, ससे पाळलेले नाहीत पण वैरणीतलं कळतं. आपल्याकडच्या गवताचं विचारलंय म्हणून लिहितो.

आधी गवत आणि काड यातला फरक. भाताचा पेंढा, गव्हाचं काड, ज्वारीचा कडबा हे धान्य काढून घेतल्यावर उरलेले सांगाडे. त्यात कस फार कमी. अंथरायला पेंढा उत्तम, पण जेवण म्हणून नको. तुम्हाला हवंय ते फुलोऱ्यावर येताना कापून सुकवलेलं गवत, हिरवट रंगाचं, सुवासाचं.

मारवेल हे आपलं देशी गवत, बारीक काडीचं आणि मऊ. पवना पण चांगलं. डोंगरी गवत विकत घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, त्यात कुसळी मिसळलेली असते. तिची कुसळं अणकुचीदार, मेंढ्यांच्या कातडीतून आत जातात. सशाच्या हिरडीत किंवा डोळ्यात गेलं तर केवढं महागात पडेल. आमच्याकडे डोंगरावरचं गवत बहुतेक दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर कापतात. तोवर ते राठ झालेलं असतं. कुणाला सांगून लवकर कापून घेता आलं तर बघा.

हिरव्यामध्ये दुर्वा, म्हणजे हरळी, एकदम चांगली. मंडईत जुड्या मिळतात, देवळाबाहेर मिळतात. जुडी सोडून तण निवडून टाका आणि धुऊन निथळून द्या. रस्त्याकडेची किंवा सोसायटीच्या बागेतली फवारलेली नको. यंत्रानं कापलेलं लॉनचं गवत तर अजिबात नको, ढिगात ते लगेच तापतं आणि आंबतं.

कोवळी हिरवी ज्वारी देऊ नका. फुलोऱ्याआधी तिच्यात विष असतं, गुरं दगावतात. गाजरगवत, घाणेरी, कण्हेर, रुई यांच्या जवळपासचं काही तोडू नका.

लसूणघास, म्हणजे अल्फाल्फाचा हिरवा चारा, कुणी सुचवेल. भरपूर कसदार आहे, पण म्हणूनच म्हाताऱ्या, जाड जनावराला नको वाटतं. यावर डॉक्टरांनी सांगावं.

परळकर_पशुवैद्यक

काका, अगदी बरोबर सांगितलंत. लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. ससा अन्नातलं बरंचसं कॅल्शियम रक्तात शोषून घेतो आणि नको असलेलं लघवीतून टाकतो. प्रौढ सशाला रोज लसूणघास किंवा तसाच बरसीमचा चारा मिळाला तर मूत्राशयात चुन्यासारखा गाळ साठू शकतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना चालतं. आजारपणात फारच वाळलेल्या प्रौढालाही डॉक्टर सुचवू शकतात. रावजीला नको.

रानजाई

दाढा तपासून आणल्या. गुंगी देऊन बघावं लागलं. खालच्या दोन दाढांना टोकं आली होती आणि जिभेच्या कडेला जखम होती. एवढे दिवस बिचारा ते सहन करत पोळी खात होता. टोकं घासून दिली, वेदनाशामक दिलंय. एक्स-रेमध्ये मुळं फारशी बिघडलेली नाहीत, पण काही महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल म्हणाले.

पहिले दोन दिवस पातळ केलेलं चोथ्याचं खाद्य सिरिंजनं दिलं. ते त्यानं आनंदानं घेतलं नाही, पण घेतलं. आणि मग मारवेलची एक काडी तोंडात धरून टोकापर्यंत कुरकुर करत खाल्ली! मी आणि सासूबाई दोघी दारात उभ्या राहून बघत होतो. टिमोथी अजून आवडत नाही, पण मारवेल आणि सुकवलेला पुदिना चालू आहे. काका, तुमचे किती आभार मानू.

सोनकी

वाचून फार बरं वाटलं. मी गोव्यात असते, आमचे दोन ससे पाचव्या वर्षात आहेत. पालेभाज्यांबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

एका वेळी एकच नवी भाजी आणि तीही चार-पाच पानं. दोन-तीन दिवस लेंड्या बघायच्या. नीट असल्या तर प्रमाण वाढवायचं, मऊ झाल्या तर ती भाजी बाजूला ठेवून गवतावर परत यायचं. कोथिंबिरीनं सुरुवात करा, ती क्वचितच कुणाला बाधते. मग मुळ्याचा पाला, शेपू, पुदिना, गाजराचा पाला. मेथी थोडी. पालक आणि माठात ऑक्झलेट नावाचा क्षार जास्त, म्हणून रोज नकोत. कोबी-फ्लॉवरची पानं गॅस करतात, दिलीत तर अगदी थोडी. कांदा, लसूण, कांद्याची पात कधीही नाही. बटाटा नाही. कोथिंबिरीची जुडी घेताना शेजारी कांद्याची पात असते, तिची एखादी काडी चिकटून येते, ती बघून काढा.

आणि पावसाळा! गवताला बुरशी धरली तर ती डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. कुबट वास आला तर पूर्ण पिशवी टाकून द्या, वरचं काढून खालचं देऊ नका. मी गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती खोळीत, जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता ठेवते. पावसाळ्यात थोडं थोडंच मागवते.

पावसाळ्यातच दुसरी गोष्ट: माश्या. जाड किंवा म्हाताऱ्या सशाला पाठीमागे वळून अंग साफ करता येत नाही. शेपटीखाली घाण राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. रोज दोनदा बघा.

रानजाई

सोनकी, तुम्ही हे लिहिलंत आणि आजच मला ते दिसलं. शेपटीखाली मऊ, काळपट, चिकट काहीतरी लागलेलं होतं, आणि ट्रेमध्येही तसंच पडलं होतं. जुलाब आहेत का? मिक्स निम्मं कमी केलंय, हरभरे अजून थोडे चालू आहेत. कोथिंबीर देतेय. बाकी तो छान आहे, उड्या मारतोय.

परळकर_पशुवैद्यक

बाकीच्या लेंड्या गोल आणि कोरड्या आहेत का? असतील तर हे जुलाब नाहीत. पाण्यासारखे खरे जुलाब असते तर मी आत्ता दवाखान्यात जा म्हणालो असतो.

तुम्हाला दिसलं ते सीकममधून आलेलं खाद्य आहे. द्राक्षांच्या छोट्या घडासारखं, चकचकीत आणि उग्र वासाचं. ससा ते थेट गुदाशी तोंड नेऊन खातो, त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. ते पडून राहिलं याची दोन कारणं असू शकतात. एक, आहारात अजून पीठ आणि प्रथिनं जास्त आहेत, त्यामुळे त्याला त्याची गरजच वाटत नाही किंवा ते नीट बांधलं जात नाही. दोन, वजनामुळे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे तो तिथपर्यंत वाकू शकत नाही.

कोथिंबीर सुरू ठेवा, हरभरे आधी संपवा. अंगाला लागलेलं कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसून पूर्ण कोरडं करा, पूर्ण आंघोळ घालू नका. हरभरे बंद झाल्यावरही चालू राहिलं तर सांधे तपासायला हवेत. त्याच्या वयात संधिवात खूप सशांना असतो, त्यावर औषधं आहेत.

लीड्सची_मावशी

त्यात भर घालते. म्हाताऱ्या सशाच्या ट्रेची एक बाजू कापून खुजी करा, उडी मारून आत जावं लागू नये. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, पाय घसरले की तो हालचालच टाळतो. गवत उंच जाळीत ठेवू नका, मान वर करून खायला त्रास होतो. पाणी बाटलीऐवजी जड, पसरट भांड्यात ठेवा. गवत वाढलं की पाणीही वाढायला हवं.

दर आठवड्याला एकाच वेळी वजन करा. हळूहळू उतरणं चांगलं, झपाट्यानं उतरलं तर थांबा आणि दाखवून घ्या.

दुपारचा_चहा

सगळं वाचतोय, बरंच नवीन कळलं. दाढांचं तर माहीतच नव्हतं. एक विचारतो. घरातले मोठे लोक आणि लहान मुलं ऐकत नाहीत, प्रेमानं काहीतरी भरवायचंच असतं. त्याचं काय करता?

रानजाई

आमच्याकडे हा प्रश्न सासऱ्यांचा. रावजी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन दोन पायांवर उभा राहतो आणि त्यांना त्याला रिकाम्या हातानं परत पाठववत नाही. ते ८१ वर्षांचे आहेत, त्यांचा हा आनंद मला काढून घ्यायचा नव्हता. मग मी रोज सकाळी रावजीच्या दिवसभराच्या गोळ्या मोजून त्यातल्या दहा-बारा त्यांच्या शर्टाच्या खिशात देते. तो मागायला आला की एक गोळी. शिवाय कोथिंबिरीची जुडी निवडून द्यायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलंय. बिस्किटाचा डबा आता वरच्या फळीवर आहे.

सोनकी

किती छान! आमच्या मुलीला मी तुळशीच्या मंजिऱ्या देते भरवायला, अगदी एखादी. सशांना वास फार आवडतो.

रानजाई

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. रंगीत मिक्स, पोळी, हरभरे सगळं बंद झालंय. पोळीला सर्वांत वेळ लागला, शेवटी नखाएवढ्या तुकड्यावर आलो होतो. वजन २.६ किलो. हनुवटी कोरडी असते. लेंड्या आधी बारीक, काळ्या, कडक असायच्या, आता मोठ्या आणि फिकट सोनेरी, मोडल्या तर आत नुसतं गवत दिसतं. ते चिकट पडणं हरभरे संपल्यावर खूपच कमी झालं, तरी डॉक्टरांनी सांधे बघितले. मागच्या उजव्या पायात थोडा कडकपणा आहे, त्यावर औषध सुरू झालंय.

गणपतीत तर घरात दुर्वांच्या जुड्यांची चंगळ होती, पूजेला वाहायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढत होतो.

दाढांची पुढची तपासणी याच महिन्यात आहे. टोकं परत आली असतील असं डॉक्टर म्हणतातच, इतक्या वर्षांची झीज राहून गेलीय. पण जिभेची जखम भरलीय.

काका, मारवेल संपत आलंय. इथला दुकानदार आता डोंगरी गवत देतो म्हणतोय. फोटो पाठवलाय. यात कुसळी आहे का?

कोयनाकाठ

फोटो पाहिला. डावीकडच्या पेंढीत काळपट, पिळलेले शेंडे दिसतायत, ती कुसळीच. अजिबात घेऊ नका. आमच्या बांधावर या वर्षी मारवेल चांगलं आलंय, आता फुलोऱ्यावर आहे. चार दिवस ऊन पडलं की कापतो आणि सुकवतो. पुतण्या दर शनिवारी पुण्याला गाडी घेऊन येतो, त्याच्याकडे दोन भारे देतो. पैशांचं बघू नका. पत्ता मला निरोपात कळवा.

रानजाई

निरोप पाठवलाय काका. सासरे म्हणतायत, भारे न्यायला ते स्वतः येणार.